रँडचा खून आणि पुण्याला दिलेली शिक्षा : १८९७ चे एक प्रकरण

हे प्रकरण का निवडले

हल्ला झाला की दुसऱ्या दिवसापासून एकच सूर ऐकू येतो : हल्लेखोर ज्या वस्तीतून, ज्या समाजातून आले त्या सगळ्यांनाच एकदा असा इंगा दाखवा की पुन्हा कोणाची हिंमत होता कामा नये. असे बोलणारी माणसे वाईट नसतात. बहुतेकांना खरोखर राग आलेला असतो, आणि आपण शिक्षा देणाऱ्याच्या जागी आहोत असे गृहीत धरूनच ती बोलत असतात. म्हणून मी मुद्दाम असे प्रकरण घेतले आहे, ज्यात आपली माणसे शिक्षा भोगणाऱ्यांच्या बाजूला होती. शिक्षा देणारे होते मुंबई सरकार आणि भोगणारे होते पुणे शहर.

एक खुलासा आधीच करतो. रँड या इंग्रज अधिकाऱ्याचा खून करणाऱ्या चाफेकर बंधूंना मी दहशतवादी म्हणणार नाही. चिंचवडमध्ये त्यांचे स्मारक आहे आणि आपण त्यांना हुतात्मा मानतो. पण २३ जून १८९७ च्या सकाळी कलेक्टर कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर काय होते ? राजकीय हेतूने केलेला खून, फरारी मारेकरी आणि तोंड न उघडणारे शहर. आजच्या कोणत्याही सरकारपुढे हल्ल्यानंतर असाच पेच असतो. तो समजून घेण्यासाठी थोडा वेळ त्या खुर्चीत बसून पाहावे लागेल.

पार्श्वभूमी

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेगचे रोगी सापडले. काही महिन्यांत साथ पुण्यात पसरली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा आला आणि त्याने अधिकाऱ्यांना जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. मार्चमध्ये पुण्यासाठी प्लेग कमिटी नेमली गेली. तिचा अध्यक्ष होता वॉल्टर चार्ल्स रँड. हा सनदी अधिकारी त्याआधी साताऱ्याकडे होता. वाईत मिरवणुकीतल्या वाद्यांवरून झालेल्या वादात त्याने प्रतिष्ठित लोकांना तुरुंगात धाडले होते. हा माणूस कसा आहे हे तो येण्याआधीच पुण्याला ठाऊक होते.

कमिटीने घरझडतीसाठी गोरे सैनिक आणले. ते घरोघरी शिरत, स्वयंपाकघरात आणि देवघरात जात. संशयित रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना वेगळ्या छावणीत नेत. सामान बाहेर काढून जाळले जाई. बायकांची तपासणी उघड्यावर झाल्याच्या, पैसेअडके गेल्याच्या तक्रारी होत्या. रोग्यांशी आणि घरच्यांशी सबुरीने वागावे असे वरचे लेखी आदेश होते. मात्र बंदुकीसह दारात उभ्या असलेल्या सोजिराला मराठी येत नव्हते आणि घरातल्या म्हातारीला इंग्रजी.

सरकारची बाजूही नोंदवायला हवी. प्लेग खरा होता, माणसे पटापट मरत होती आणि लोक रोगी लपवत होते. टिळक पुणे सोडून गेले नाहीत. त्यांनी हिंदू प्लेग इस्पितळ उभे करायला पुढाकार घेतला. म्हणजे उपाय हवेत की नकोत हा वाद नव्हता, ते कसे राबवायचे हा वाद होता. प्लेगच्या प्रसारात उंदरांवरच्या पिसवांचा हात आहे हे पॉल लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिले ते १८९८ मध्ये. ज्या झडत्यांनी पुण्याचे मन कायमचे विटले, त्यांच्यामागचे वैद्यकीय ज्ञानच अपुरे होते.

मे महिन्यात साथ ओसरली आणि सैनिकांचे काम थांबले. तक्रारी मात्र तशाच राहिल्या. अर्ज गेले, वर्तमानपत्रांत लेख आले, सरदार नातूंसारख्या वजनदार माणसांनी गाऱ्हाणी मांडली. पुणेकरांना पटेल असे उत्तर कोणी दिले नाही.

२२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव. गणेशखिंडीतल्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, म्हणजे आज जिथे पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे तिथे, समारंभ होता. रात्री पाहुणे परतत असताना दामोदर हरी चाफेकर यांनी रँडवर गोळी झाडली आणि त्यांचे भाऊ बाळकृष्ण यांनी मागच्या गाडीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर. आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला.

पेच

मारेकरी कोण, याचा पत्ता नव्हता. इंग्रजांच्या वसाहतीत भीती पसरली आणि तिच्यापाठोपाठ संताप. इंग्रजी वर्तमानपत्रे पुण्यातल्या ब्राह्मणांकडे आणि मराठी पत्रांकडे बोट दाखवू लागली. ‘काहीतरी करा’ असा दबाव गव्हर्नर सँडहर्स्ट यांच्या सरकारवर मुंबईतून आणि लंडनहूनही होता.

सरकारने इथे एक गृहीतक धरले आणि माझ्या मते पुढचे सगळे त्या गृहीतकातूनच निघाले. एवढे धाडस करायचे तर मागे मोठा कट असणार, कट असेल तर शहरातले वजनदार लोक त्यात असणार, आणि ते नसले तरी त्यांना माहीत असणार. खरी गोष्ट फार लहान होती. चिंचवडच्या एका कीर्तनकाराची मुले आणि त्यांच्याभोवती जमलेली काही तरुण पोरे. वडिलांच्या कीर्तनात साथ करणाऱ्या, तालमीचे वेड असलेल्या या मुलांनी मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबरही फासले होते आणि त्याचा कोणाला सुगावा लागला नव्हता. पुण्याच्या पुढाऱ्यांना विचारून त्यांनी काही केलेले नव्हते, त्यामुळे पुढाऱ्यांना कितीही पिळले तरी त्यांच्याकडून सरकारला मिळणार काय होते ?

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय साधा तपासाचा होता : बक्षीस लावायचे, खबरे नेमायचे, तुरुंगातल्या आणि तुरुंगाबाहेरच्या लोकांकडून माहिती काढायची. याला वेळ लागतो आणि तोपर्यंत सरकार हातावर हात ठेवून बसल्यासारखे दिसते.

दुसरा, सगळ्या शहराला दंड. जादा पोलीस बसवायचे आणि त्यांचा खर्च रहिवाशांकडून वसूल करायचा. कायद्यात तशी सोय होती. दंगलखोर गावांवर ती वापरली जाई. यात दोषी आणि निर्दोष असा भेद करावा लागत नाही, हाच सरकारला तिचा फायदा वाटतो.

तिसरा, बोलणाऱ्यांची तोंडे बंद करणे. राजद्रोहाचे खटले भरायचे, आणि पुरावा नसेल तिथे १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन २५ खाली चौकशीशिवाय अटक.

चौथा पर्याय कोणी गंभीरपणे टेबलावर ठेवल्याचे दिसत नाही. मारेकऱ्यांचा शोध चालू ठेवायचा आणि त्याच वेळी प्लेगच्या काळातल्या वागणुकीची अशी चौकशी करायची की तिच्यावर शहराचा विश्वास बसेल. ‘गोळीला घाबरून सरकार झुकले’ असे दिसेल ही अडचण त्यात होती आणि ती खोटी नव्हती. ज्या सरकारवर नुकताच हल्ला झाला आहे त्याला त्याच आठवड्यात स्वतःच्या चुका तपासणे जवळजवळ अशक्य असते. तक्रारी एप्रिल-मेमध्येच ऐकायच्या होत्या, तेव्हा त्यासाठी मान खाली घालावी लागली नसती.

काय केले

सरकारने पहिले तीन पर्याय एकदमच अंमलात आणले. त्यामुळे कशाने काय साधले हे तेव्हा कोणालाच दिसले नाही. आज ते वेगळे करून पाहता येते.

वीस हजारांचे बक्षीस जाहीर झाले. कलेक्टर लॅम्ब यांनी शहरातल्या प्रमुख नागरिकांना बोलावून दम भरला. आलेली माणसे नेमस्त होती : वकील, पेन्शनर, म्युनिसिपालिटीतले लोक, खून ऐकून ज्यांच्या अंगावर काटा आला होता असे. एरवी सरकारचे म्हणणे शहराला आणि शहराचे म्हणणे सरकारला सांगणारा हा थर होता. त्यांनाच आरोपीसारखे उभे करण्यात आले. पाठोपाठ जादा पोलीस आले आणि त्यांच्या खर्चाचा बोजा शहरावर पडला.

जुलैत ‘केसरी’ने दोन अग्रलेख लिहिले : ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय ?’ आणि ‘राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे’. पहिल्याचा मथळा शाळेतल्या मुलांनाही पाठ असतो. आपल्या विषयाला दुसरा अधिक जवळचा आहे, आणि तो फारसा कोणी आठवत नाही.

जुलैअखेर टिळकांना मुंबईत अटक झाली. खटल्याचा आधार काय होता ते नीट पाहण्यासारखे आहे. खुनाच्या आधी, १५ जूनच्या ‘केसरी’त आलेला शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तांत आणि ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता. खुनात हात असल्याचा आरोप नव्हता, कारण तसा पुरावाच नव्हता. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले की राजद्रोहाच्या कलमातली (सरकारविषयीची) अप्रीती म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव. या व्याख्येने पाहिले तर पेठेतल्या प्रत्येक घरात राजद्रोही निघाला असता. ज्यूरीतल्या सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी सदस्यांनी निर्दोष. १४ सप्टेंबरला दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

नातू बंधूंच्या वाट्याला खटलाही आला नाही. बाळासाहेब आणि तात्यासाहेब नातू यांना रेग्युलेशनखाली उचलले, मालमत्तेवर टाच आणली आणि १८९९ पर्यंत आरोप न ठेवता अडकवून ठेवले. गाऱ्हाणे घेऊन सरकारदारी जाणाऱ्या माणसाचे हे झालेले शहराने पाहिले.

गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांच्या अत्याचारांविषयी तिकडे जाहीरपणे सांगितले. परत आल्यावर पुरावा द्या म्हणून त्यांना घेरले. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड केली तर त्यांची धडगत नव्हती. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. इंग्रजी न्यायावर मनापासून विश्वास असलेला पुण्यातला सर्वांत सभ्य राजकारणी असा खाली मान घालून उभा राहिला. या प्रकरणातला हा भाग मला सर्वांत जास्त छळतो. सरकारचे सर्वांत मोठे नुकसान टिळकांच्या अटकेने झाले असे लोक म्हणतात. मला वाटते ते इथे झाले. सनदशीर मार्गाने काही होते असे तरुणांना सांगू शकेल असा माणूस सरकारनेच निष्प्रभ केला.

मारेकरी कसे सापडले

ते जादा पोलिसांमुळे सापडले नाहीत, टिळकांच्या अटकेने किंवा नातूंच्या कैदेनेही नाहीत. गणेश शंकर द्रविड नावाचा एक माणूस फसवणुकीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगत होता आणि त्याला चाफेकरांच्या टोळक्याची माहिती होती. पोलीस अधिकारी ब्रुइन त्याच्यापर्यंत पोचला. द्रविडने नावे सांगितली. ऑक्टोबरात दामोदरांनी कबुलीजबाब दिला आणि १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात त्यांना फाशी झाली. बाळकृष्ण निजामाच्या मुलखात निसटले होते, तेही पुढे पकडले गेले.

म्हणजे काम फत्ते झाले ते बक्षीस, खबरी आणि चिकाटी या जुन्याच साधनांनी. सगळ्या पुण्याकडून एक पैसा वसूल केला नसता, तरी द्रविड तुरुंगात होताच आणि बक्षिसाची लालूच त्याला तितकीच होती.

परिणाम

कठोर उपायांच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो टाळणे बरोबर नाही. १८९९ नंतर दहा वर्षे महाराष्ट्रात इंग्रज अधिकाऱ्याचा राजकीय खून झाला नाही. मग पुण्याला दिलेला दणका लागू पडला असे का म्हणू नये ?

मला हे पटत नाही, त्याची कारणे सांगतो. एक तर खून करणारे पाच-सहा जणच होते आणि ते फासावर किंवा तुरुंगात गेले. ज्यांनी केले त्यांना पकडल्यामुळे शांतता आली हे साधे स्पष्टीकरण पुरेसे आहे. दुसरे, १८९८ नंतर प्लेगविषयीची सक्ती सरकारनेच हळूहळू सैल केली. ज्या रागातून गोळी सुटली होती त्याचे मूळच कमी झाले. आणि तिसरे, ही शांतता वरवरची होती.

नाशिकजवळच्या भगूरमध्ये पंधराव्या वर्षात असलेल्या विनायक सावरकरांनी चाफेकरांच्या फाशीनंतर कुलदेवतेसमोर शपथ घेतली. त्यातून आधी मित्रमेळा आणि १९०४ मध्ये अभिनव भारत ही क्रांतिकारकांची संघटना उभी राहिली. १९०९ च्या जूनमध्ये त्यांचे थोरले भाऊ बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप झाली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. जॅक्सन संस्कृत जाणणारा, लोकांत मिसळणारा होता आणि लोक त्याला पंडित म्हणत. रँडमध्ये आणि त्याच्यात जमीनअस्मानाचे अंतर होते. पण १८९७ मध्ये सरकारने पुण्यातल्या माणसांत फरक केला नव्हता, आणि बारा वर्षांनी गोळी झाडणाऱ्यानेही इंग्रज अधिकाऱ्यांत फरक केला नाही. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याला फाशी झाली. तिघेही कोवळ्या वयाचे होते.

टिळकांचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. तुरुंगात जाताना ते पुण्याचे पुढारी होते आणि ६ सप्टेंबर १८९८ ला सुटले तेव्हा देशाचे. १९०८ मध्ये त्यांना सहा वर्षांसाठी मंडालेला धाडले, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. १८९७ मध्ये असे काही झाले नव्हते.

आणखी एक परिणाम २०२४ पर्यंत, म्हणजे दंडसंहिता रद्द होईपर्यंत, आपल्याला पुरला. १८९८ मध्ये राजद्रोहाचे कलम १२४अ रुंदावले आणि समाजासमाजांत वैर पसरवण्याविरुद्धचे १५३अ नव्याने घातले गेले. पुण्याच्या धक्क्यातून आलेली ही भाषा स्वातंत्र्यानंतरही भारतीय दंडसंहितेत राहिली. १२४अ चा वापर सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केला तो मे २०२२ मध्ये. रागाच्या भरात केलेला कायदा रागाचे कारण संपल्यावर आपोआप जात नाही, हे हल्ल्यानंतर नवा कायदा मागणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे असे मला वाटते.

निर्णय कुठे वेगळे होऊ शकले असते

मागे वळून बोलणे सोपे असते, म्हणून सरकारला तेव्हा जे माहीत होते तेवढ्यावरच बोलतो.

मे १८९७. सैनिक हटवले त्या आठवड्यात तक्रारी ऐकण्यासाठी दोन पुणेकर आणि एक न्यायाधीश बसवता आले असते. त्याने चाफेकर थांबलेच असते असे मी म्हणणार नाही. दामोदरांचा राग प्लेगपेक्षा जुना आणि खोल होता. पण खुनानंतर शहर इतके गप्प राहिले नसते.

जूनअखेर. लॅम्ब यांनी ज्यांना बोलावले त्यांना दम देण्याऐवजी मदत मागितली असती तर ? गणेशखिंडीच्या त्या रात्रीने हादरलेले लोक त्या सभेत होते. दम खाल्ल्यावर त्यांच्यापुढे दोनच वाटा उरल्या : सरकारचे हस्तक म्हणून शहरात तोंड लपवायचे किंवा मुकाट बसायचे. बहुतेक जण मुकाट बसले. सामूहिक शिक्षेची बाजू घेणारे म्हणतात की वस्तीला झळ बसली की वस्तीच गुन्हेगाराला पुढे करते. पुण्यात ते घडले नाही, कारण शहराला गुन्हेगार माहीतच नव्हता. ज्याला माहीत होता त्याला झळ लागली नव्हती, बक्षिसाची आशा लागली होती.

जुलै. खटले भरताना सरकारने एक साधी रेषा पाळायला हवी होती : खुनाशी संबंध दाखवता येतो का ? टिळकांच्या बाबतीत दाखवता येत नव्हता, नातूंच्या बाबतीत प्रयत्नही झाला नाही. ती रेषा ओलांडल्यावर खुनाचा निषेध करणारा आणि खुनाचे समर्थन करणारा यांची गत सरकारच्या लेखी सारखीच झाली. मग निषेध करून मिळवायचे काय, असे एखाद्या विशीतल्या मुलाने विचारले तर त्याला देण्यासारखे उत्तर कोणाकडे होते ?

शेवटचा टप्पा फेब्रुवारी १८९९ चा आहे आणि त्याची चर्चा जवळजवळ होत नाही. या प्रकरणात सरकारला खरी मदत केली ती द्रविडांनी. साऱ्या शहराला त्यांचे नाव माहीत होते. सरकारची पहिली जबाबदारी त्यांना सांभाळण्याची होती. ८ फेब्रुवारीच्या रात्री दामोदरांचे धाकटे भाऊ वासुदेव चाफेकर आणि साथीदार महादेव रानडे पंजाबी वेश करून त्यांच्या दाराशी गेले. ब्रुइन साहेबाने बोलावले आहे, असा निरोप दिला. गणेश आणि त्याचा भाऊ रामचंद्र, दोघेही निघाले. पोलिसांचा निरोप खरा की खोटा हे पडताळून पाहायची काही सोयच त्यांच्यापाशी नव्हती. रस्त्यातच त्यांना गोळ्या घातल्या आणि दोघेही मेले. मे महिन्यात वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण यांना लागोपाठ फाशी झाली. तेव्हाही नातू बंधूंवर आरोपपत्र दाखल झालेले नव्हते.